सही झालेला पंख

"बावीस वर्षांत मी सही केलेली एकही लिफ्ट अडकलेली नाही," हे वाक्य तपासनीस दिवसातून निदान एकदा म्हणत, मग समोर कोणी असो वा नसो. खरं सांगायचं तर एकदा एक लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत खुद्द तपासनीसच होते. पण तिच्या कार्डावर सही दुसऱ्या तपासनिसाची होती, त्यामुळे ते तिला हिशेबात धरत नसत. सुटका होईपर्यंतचे अडीच तास त्यांनी त्या कार्डातल्या चुका काढण्यात घालवले. सात निघाल्या.

शहरातल्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि आतल्या कार्डावर सही ठोकायची, हे त्यांचं काम. एकदा सही झाली की त्यांच्या दृष्टीने विषय संपला. घरातसुद्धा "गॅस बंद केलात का?" असं कोणी विचारलं, तर "केला, माझी सही समज," म्हणून ते चपला घालून मोकळे.

आता अशा माणसाला बायको कशी मिळावी? तर मोठ्या हॉस्पिटलातल्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पेशंटपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत, तेव्हा आपणही सिस्टरच म्हणू. सिस्टरांचा जन्म मोजण्यात गेला होता. ऑपरेशनच्या आधी रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजायचे, टाके घालण्याआधी मोजायचे, टाके घालून झाल्यावर परत मोजायचे. मध्ये कोणी आत-बाहेर केलं, तर पहिल्यापासून सुरुवात. एकदा एक तुकडा कमी भरला म्हणून त्यांनी नामांकित सर्जनना पंचवीस मिनिटं तसंच उभं ठेवलं होतं. तुकडा शेवटी सर्जनसाहेबांच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला निघाला. तेव्हापासून ते सिस्टरांपुढे आवाज चढवत नाहीत.

तपासनीस अकरा वर्षं दर रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर हँग ग्लायडर उडवायला जात. मोठा त्रिकोणी पंख, त्याच्या पोटाखाली पट्ट्याने अडकवलेली झोळी, झोळीत पालथं लोंबकळायचं, हातात दांडा धरायचा आणि कड्यावरून धावत सुटायचं, असा तो उद्योग. सिस्टरांना रविवारी ड्यूटी तरी असे नाहीतर झोप तरी, त्यामुळे या उद्योगाकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. नवरा रविवारी बाहेर असतो आणि संध्याकाळी भुकेला परत येतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

घोटाळा झाला तो नव्या पंखामुळे. एका जुन्या उडणाऱ्याचे गुडघे गेले म्हणून त्याने आपला पंख तपासनिसांना दिला, आणि एका शनिवारी तो घरी आला. साडेपाच मीटर लांबीची पिशवी हॉलच्या खिडकीतून निघाली ती सोफ्यावरून जाऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. सिस्टर ड्यूटीवरून आल्या आणि तिच्याखालून वाकून आत गेल्या.

"हे काय आहे?"

"पंख."

"एक होता ना आधीचा?"

"तो कापडी. हा ताठ पंख आहे. आत कार्बनचा कणा. अंग जरा डावीकडे नेलं की डावी झडप उघडते आणि पठ्ठ्या आपणहून डावीकडे वळतो." तपासनिसांचे डोळे चमकत होते. "आणि मुख्य म्हणजे हा लवकर खाली येतच नाही."

कोणत्याही बायकोला सांगू नये असं हे वाक्य. सिस्टरांनी पर्स खाली ठेवली.

"खाली येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येतो. लांब जाऊन येतो."

सिस्टरांनी बराच वेळ त्या पिशवीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी एकदा येऊन बघणार. बघितल्यावर ठरवणार, हा घरात राहणार की परत जाणार. तो माणूस परत घेईल ना?"

"महिन्याच्या आत घेईन म्हणालाय."

"मग ठरलं."

तपासनिसांना रात्रभर झोप लागली नाही. अकरा वर्षं ज्याची स्वप्नं बघितली तो पंख सोफ्यावर होता आणि त्याचा निकाल शेजारी घोरत होता. आता काही झालं तरी सिस्टरांपुढे एकसुद्धा चूक होता कामा नये. त्यांनी एक्केचाळीस कलमांची यादी केली, प्लास्टिकमध्ये घालून घेतली, प्रत्येक कलमापुढे खुणेची चौकट काढली आणि खाली सहीसाठी ठळक रेघ मारली. यादीला दोरी ओवून ती गळ्यात अडकवली आणि आरशात बघितलं. समाधान वाटलं.

रविवारी टेकडीवर सिस्टर छत्री घेऊन आल्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तपासनिसांचा मेव्हणा, व्हिडिओ काढायला आला. उडणारे आठदहा जण आधीच पंख जोडत बसले होते. त्यांचे म्होरके कॅप्टन. कॅप्टन म्हणजे काही लष्करातले वगैरे नाहीत, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. पण वाऱ्याकडे नजर लावून उभे राहिले की कॅप्टनच वाटत.

तपासनिसांनी यादी सुरू केली, तीसुद्धा मोठ्याने, कारण सिस्टरांना ऐकू जायला हवं. "कलम एक, कण्याची खुंटी. बसली." खूण. "कलम नऊ, डावी झडप. उघडली." खूण. "कलम दहा, उजवी झडप. उघडली." खूण. विसाव्या कलमापर्यंत मेव्हणा जांभया देऊ लागला. पस्तिसाव्याला रांगेत मागे उभे असलेले दाताचे डॉक्टर खाली बसले.

शेवटचं कलम होतं लोंबती तपासणी. तपासनीस झोळी चढवून पंखाखाली शिरले, पाठीवरची कडी पंखाच्या पट्ट्यात अडकवली, स्क्रू फिरवला आणि कॅप्टननी पंखाचं नाक धरल्यावर आडवे झाले. दोरीवर टाकलेल्या ओल्या सतरंजीसारखे ते जमिनीपासून हातभर वर लोंबू लागले.

"हे कशासाठी?" सिस्टरांनी विचारलं.

"माणूस पंखाला अडकलाय की नाही ते बघायला," कॅप्टन म्हणाले. "लोंबकळला म्हणजे अडकला. पंख माणसाशिवाय उडतो हो, सिस्टर. माणूस पंखाशिवाय नाही उडत."

सिस्टरांनी मान डोलावली. इथे आल्यापासून त्यांना पटलेली ही पहिली गोष्ट होती. तपासनीस उभे राहिले, एक्केचाळिसाव्या चौकटीत खूण केली आणि यादीखाली झोकात सही ठोकली.

वारा मात्र पडला होता. कड्यावरच्या काठीची रिबीन मरगळून लोंबत होती. आता नुसतं थांबायचं. कॅप्टन मागे दुसऱ्या कुणाचातरी पंख बघायला गेले. तेवढ्यात मेव्हण्याला बुद्धी सुचली.

"दाजी, ताईबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे. पंख मागे, तुम्ही दोघं पुढे."

एरवी तपासनिसांनी त्याला झटकला असता. पण आजचा दिवस वेगळा होता, निकाल लागायचा होता. ते लगबगीने पंखाखालून निघाले आणि सिस्टरांच्या शेजारी जाऊन हसून उभे राहिले. पहिल्या फोटोत मेव्हण्याचं बोट आलं. दुसऱ्यात तपासनिसांचे डोळे मिटले. तिसऱ्यात सिस्टरांची छत्री दोघांच्या तोंडापुढे आली. चौथ्याची तयारी चालली होती तोच कुणीतरी ओरडलं, "वारा आला!"

रिबीन ताठ झाली होती, अगदी समोरून, हवी तशी. तपासनीस पळत गेले, पंखाखाली शिरले, दांड्याच्या त्रिकोणात खांदे घातले आणि पंख उचलला. पुढे दहा पावलांवर कडा आणि कड्याखाली दरी.

"तपासणी झाली?" दाताच्या डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"झाली. सही आहे," तपासनीस म्हणाले आणि गळ्यातली यादी त्यांच्याकडे वळवून दाखवली.

यादीवर एक्केचाळीस खुणा होत्या. दाताचे डॉक्टर बाजूला झाले.

"अहो, थांबा," मागून सिस्टरांचा आवाज आला.

"आता काय?"

"मोजणी राहिली."

"अगं, एक्केचाळीस कलमं झाली. तुझ्यासमोर झाली."

"झाली, आणि मग तुम्ही बाहेर आलात. बाहेर जाऊन आत आलं की परत मोजायचं असतं."

"हे थिएटर नाही. इथे गॉजचे तुकडे नाहीत."

सगळे हसले. मेव्हणा तर कॅमेरा हलेपर्यंत हसला. तपासनिसांना मात्र भलतीच शंका आली. हिने आधीच ठरवलंय, त्यांच्या मनात आलं, हिला मला उडू द्यायचंच नाही, मोजणी नुसती सबब आहे. त्यांनी दात आवळले आणि दांडा घट्ट धरला. "बाजूला हो, वारा चाललाय."

सिस्टर बाजूला झाल्या नाहीत. त्या छत्री मिटून पुढे आल्या आणि नवरा आणि कडा यांच्या बरोबर मधोमध, जमिनीवर मांडी घालून बसल्या.

पस्तीस-चाळीस किलोचा पंख खांद्यावर, समोर बायको बसलेली आणि मागे आठदहा जण ताटकळलेले. अशा वेळी माणसाने काय बोलावं हे यादीत नव्हतं.

"ताई, ऊठ, सगळे बघतायत," मेव्हणा म्हणाला.

"बघू दे."

"वारा जाईल."

"जाऊ दे. परत येईल."

"अगं, माझी सही आहे त्याच्यावर," तपासनीस जवळजवळ रडकुंडीला आले होते. "बावीस वर्षांत..."

"मला माहीत आहे बावीस वर्षांत काय ते."

गडबड ऐकून कॅप्टन तरातरा आले. उडायच्या जागेवर कोणी बसलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. "सिस्टर, इथे बसू नये. धोका असतो."

"यांना एकदा आडवं करा. मी लगेच उठते."

"आत्ताच तर केलं की. मीच नाक धरलं होतं."

"ते आधी. त्यानंतर हे फोटोला आले होते."

कॅप्टननी वळून तपासनिसांकडे बघितलं. "फोटोला? कसा आला?"

"चालत," सिस्टर म्हणाल्या.

कॅप्टनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पंखाचं नाक धरलं. "आडवा हो."

"आता तुम्हीसुद्धा?" तपासनीस वैतागले. मग त्यांनी ठरवलं, या सगळ्यांना एकदाच काय ते दाखवून द्यावं. त्यांनी दोन्ही पाय एकदम उचलले आणि झोकात पुढे झेप घेतली.

आणि धाडकन तोंडावर पडले.

पंख कॅप्टनच्या हातात, जिथल्या तिथे राहिला. तपासनीस त्याच्या खाली मातीत पालथे, हनुवटी खरचटलेली. पाठीवरची कडी झोळीवर मोकळी पडली होती आणि पंखाचा पट्टा त्यांच्यावर वाऱ्याने हलत होता. कोणीही हसलं नाही. मेव्हण्याने कॅमेरा खाली केला.

तपासनिसांनी डोळे उघडले तेव्हा समोर उठून उभ्या राहिलेल्या सिस्टरांच्या चपला होत्या. चपलांच्या पलीकडे थोडं गवत होतं, गवताच्या पलीकडे काहीच नव्हतं. बरंच खाली एक रस्ता दिसत होता आणि त्यावरून एक ट्रक चालला होता, काड्यापेटीएवढा.

ते तसेच पडून राहिले. उठायची घाई वाटेना. फोटोसाठी बाहेर पडताना आपणच कडी काढली होती, आपल्याच हाताने, आणि नंतर गळ्यातल्या सहीवर विसंबून आपण दहा पावलं धावणार होतो, हे त्यांना सावकाश उमगत होतं. लिफ्टच्या कार्डात सात चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची एक दिसली नव्हती.

"उठताय का?" सिस्टरांनी विचारलं. आवाज जरा बदललेला होता.

"तुला कसं कळलं, मी अडकलेलो नाही ते?"

"मला कुठे कळलं होतं? मला वाटलं अडकलेले असाल. मोजायचं ते कमी आहे म्हणून नाही मोजत हो. मोजायचं असतं म्हणून मोजतात."

तपासनीस उठून बसले. सगळ्यांच्या देखत त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरले, मातीच्या हातांनी. "तू बसली नसतीस तर मी गेलो होतो," ते म्हणाले. "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर." एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच निघालं असेल.

"हनुवटी धुवा आधी," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

कॅप्टन म्हणाले, "आज नको उडू." तपासनीस म्हणाले, "आज नाहीच." वारा सोन्यासारखा होता, तरी त्यांनी पंख पिशवीत घातला. आणि गळ्यातली यादी काढून तिच्यावरची सही पुसायला लागले. पुसली जाईना. शेवटी मातीने घासली.

गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला. "उद्या पंख परत देऊन येतो."

"का?"

"तू बघितलंस ना."

"मी उडणं बघायला आले होते. आज फक्त पडणं बघितलं," सिस्टर म्हणाल्या. "त्यावर कसं ठरवणार?"

पुढच्या रविवारी सिस्टर टेकडीवर आल्या, तर कॅप्टननी त्यांच्यासाठी कड्याजवळ खुर्ची टाकून ठेवली होती. जो उडणार त्याने आधी सिस्टरांपुढे आडवं व्हायचं, असा नवा कायदा निघाला होता. आडवं झाल्यावर कडी, स्क्रू, पायांचे दोन पट्टे, हेल्मेटचा बंद, असं मोठ्याने मोजून दाखवायचं, आणि त्यानंतर एक पाऊल जरी बाहेर टाकलं तरी पुन्हा आडवं. दाताच्या डॉक्टरांचा हेल्मेटचा बंद मोकळा निघाला. त्यांच्यानंतर खुद्द कॅप्टनच्या उजव्या पायाचा पट्टा लावायचा राहिलेला निघाला. तीस वर्षं बस चालवलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून पट्टा लावत बसला.

तपासनिसांच्या ऑफिसातली मंडळी त्या दिवशी दुर्बिणी घेऊन आली होती. वारा मात्र झटक्याझटक्याने येत होता. रिबीन क्षणात ताठ, क्षणात लोंबती. नव्या पंखावरचं पहिलं उड्डाण होतं आणि तपासनीस त्या रिबिनीकडे दहा मिनिटं बघत उभे राहिले. दोघेतिघे उडाले. ऑफिसातल्यांनी टाळ्यासुद्धा वाजवून बघितल्या. पण तपासनिसांनी मान हलवली.

"आज जमणार नाही. हा वारा मला कळत नाहीये."

मंडळी आणलेला खाऊ संपवून परत गेली. सोमवारी ऑफिसात बरीच थट्टा झाली. सिस्टर याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत, फक्त त्या संध्याकाळी तपासनिसांना न मागता दोनदा चहा मिळाला.

तिसऱ्या रविवारी सगळं जुळून आलं. वारा समोरून, सावकाश आणि एकसारखा. तपासनीस आडवे झाले. "कडी एक. स्क्रू बंद. पायाचे पट्टे दोन. हेल्मेटचा बंद एक." सिस्टरांनी प्रत्येक वस्तूला स्वतः बोट लावलं. पट्टा ओढून बघितला, मग अजून एकदा ओढला.

"झालं?" तपासनिसांनी विचारलं.

"झालं. जा."

दहा पावलं, आणि जमीन संपली. पाठीवरचा पट्टा ताणला गेला आणि त्यांचं सगळं वजन अलगद उचललं गेलं. कापडी पंखावर जिथे अंग झोकावं लागे, तिथे आता कंबर जराशी हलवली तरी पुरे होती. टेकडीच्या कडेने ते वर चढत गेले, आधी रिबिनीच्या वर, मग झाडांच्या वर. मधूनच ते हात मागे नेऊन पट्टा चाचपत आणि त्यांना दर वेळी भरून येई. हा ताण आहे म्हणून आपण आहोत, आणि ती बसली म्हणून हा ताण आहे. वर कोणी ऐकणारं नव्हतं, म्हणून त्यांनी दोनतीनदा मोठ्याने आभार मानून घेतले.

उतरताना त्यांना ठाऊक होतं, हा पंख लवकर खाली येणारा नव्हे. कापडी पंखाच्या सवयीने आलो असतो तर मैदान ओलांडून कुंपणात गेलो असतो. त्यांनी लांबूनच मोठा फेरा घेतला, झडपांच्या दोऱ्या ओढून वेग मोडला, आणि तरीही पंख गवतावरून तरंगतच राहिला. शेवटी मैदानाच्या अगदी पलीकडच्या टोकाला ते पायांवर उतरले, बारा पावलं धावले आणि थांबले. कुंपण अजून चांगलं वीस पावलांवर होतं. एवढं सुरेख उतरणं अकरा वर्षांत झालं नव्हतं.

मग ते वाट बघत बसले. दीड तासाने सिस्टर शेवटच्या जीपमधून खाली आल्या. तपासनीस धावतच गेले.

"बघितलंस?"

"काय?"

"काय म्हणजे? उडालो ते. तीन वेळा तुझ्या डोक्यावरून गेलो."

"सुटेपर्यंत बघितलं. मग पाठ केली. मागे दाताचे डॉक्टर आडवे झाले होते."

तपासनीस मटकन गवतात बसले. "अगं, पण बघून ठरवणार होतीस ना तू?"

सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. "तुम्ही वर असताना मला बघवत नाही," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं होतं बघवेल. नाही बघवत. खाली मोजायला कोणीतरी असलं म्हणजे वेळ जातो, आणि मग तुम्ही उतरलात असा फोन येतो. मला तेवढं पुरे."

तपासनिसांनी गवताची एक काडी उपटली. "मग पंखाचं काय करू?"

"ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "आता तो परत दिलात तर दर रविवारी इतक्या लोकांचे पट्टे कोण बघणार?"

परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "आता सांगा, वर काय काय झालं ते. सगळं सांगा." तपासनिसांनी पहिल्या पावलापासून सुरुवात केली. दुसऱ्या वळणापर्यंत आले आणि शेजारी बघितलं, तर सहा तास कड्यावर पट्टे मोजत बसलेल्या सिस्टर मान टाकून गाढ झोपल्या होत्या. तपासनिसांनी गाडीचा वेग कमी केला आणि हळू आवाजात पुढचं सांगत राहिले. उतरण्याचा भाग त्यांनी जरा वाढवूनच सांगितला, कारण टोकायला कोणी जागं नव्हतं.